पाठीतलं पहिलं पान

बुधवार, ता. १४
दुकानातून, दुपारी बारा

चि. टीपकागदास,

आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

मी बरा आहे. तुझा हात कसा आहे ते कळत नाही. तुझा बाबा फोन उचलतो, माझा आवाज ओळखतो आणि ‘झोपलीय’ म्हणून ठेवून देतो. चार दिवसांत अकरा वेळा फोन केला, अकराही वेळा तू झोपलेली. एवढी झोप तुला लहानपणी असती तर तुझ्या आजीचे निम्मे केस तरी काळे राहिले असते.

प्लास्टरच्या आत खाज सुटली तर पट्टी किंवा विणायची सुई घालू नकोस. आत जखम झालेली वरून दिसत नाही. दूध पी. उशी मनगटाखाली घे, कोपराखाली नको. इथे तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी मी रोज चारदा बघतो, गॅस दोनदा बघतो, आणि दुकानात आल्यावर शंका येते म्हणून परत घरी जाऊन बघतो. शेजारीण म्हणाली, आजोबा, तुमच्या फेऱ्या बघून चोर कंटाळून निघून जाईल.

अक्षर वेडंवाकडं आलंय त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. काल कटिंग मशीनमध्ये हात गेला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं जरा कापली गेली. माझाच वेंधळेपणा. पेन धरायला तीन बोटं लागतात आणि ती शाबूत आहेत.

हे पत्र पोस्टाने येणार नाही, कुणाच्या तरी हातून येईल. कुणाच्या ते शेवटी लिहितो.

उद्या सकाळी अकराला विद्यापीठात चौकशी समिती बसणार आहे. तुला बोलावणं आलं असेल. बाबा सोडणार नाही, आणि त्याचं बरोबरही आहे. पण तू समितीला लेखी जबाब पाठवला आहेस असं मला कळलं. त्यात तू लिहिलंस की वर्गातल्या चिठ्ठ्यांच्या डब्याच्या किल्ल्या दोनच होत्या, एक तुझ्याकडे, एक शिडीकडे, आणि तू कुणाला काही बोललेली नाहीस. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव शिडीनेच फोडलं. ज्या मैत्रिणीला माझ्या वरच्या फळीवरचे कागदाचे गठ्ठे शिडीशिवाय काढता येतात म्हणून आपण दोघांनी मिळून ते नाव ठेवलं, तिच्याबद्दल तू हे लिहिलंस. लिहिताना तुझा हात मोडलेला होता. रागात होतीस. मी समजू शकतो.

पण तो जबाब तुला मागे घ्यावा लागेल, आणि उद्या अकराच्या आत.

आता मी चार ओळी कोऱ्या सोडून चहा पिऊन आलो.

तुमच्या वर्गाचा नियम मला ठाऊक आहे. जेवताना तू रोज सांगायचीस. खोली नंबर अकरा, बाकं गोल मांडलेली, आत एकही प्राध्यापक नाही. तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात की दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून द्यायचं नाही. पुस्तक वाचून मिटायचं आणि मग आपल्या शब्दांत लिहायचं, वाक्य ज्याचं त्याचं नाव खाली द्यायचं, वेळेत झालं नाही तर चोरण्याऐवजी सरळ जाऊन मुदत मागायची. आणि जो शिकवायला उभा राहील त्याने आधी स्वतःची चोरी सांगायची. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला एक अक्षर शिकवायचं नाही.

तू तुझी मला सांगितलीस तेव्हा मी ताट बाजूला सारलं होतं. पहिल्या वर्षी तू एका सीनियरच्या निबंधातली चार पानं उतरवली होतीस आणि वर्गात पहिली आली होतीस. मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आपल्या घरात हे कसं उगवलं, असं शेजारणीपाशी म्हणालो.

त्या तीन दिवसांची मला आता लाज वाटते. नियमाप्रमाणे आधी माझी सांगतो.

माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे. नवव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली आलो. शिवणात एक घर चुकलं की उस्ताद भोकं पाडायचा टोच्या माझ्या तळहातात खुपसायचे आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवायचे. माझ्या डाव्या तळव्यावरचे ते ठिपके तू लहानपणी मोजायचीस आणि देवी आल्या होत्या का विचारायचीस. मी हो म्हणायचो. देवी नव्हत्या.

त्यांच्याकडून मी बाइंडिंग शिकलो, आणि अजून एक गोष्ट शिकलो. शिवलेल्या पुस्तकाचं पहिलं पान बदलणं. टाके उसवायचे नाहीत. पान मुळाशी धाग्याच्या कडेने कापायचं, नवीन पान केसाएवढ्या खळीवर बसवायचं, हाडाच्या पट्टीने दाबायचं, रात्रभर प्रेसमध्ये ठेवायचं. सकाळी कारागिरालाही ओळखू येत नाही. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर दुकान टाकल्यावर मला कळलं की या कलेला केवढी मागणी आहे. एकाचा प्रबंध दुसऱ्याच्या नावाने. एकच प्रकल्प वर्षभराने तिसऱ्याच्या नावाने. आतला मजकूर तोच, फक्त पहिलं पान वेगळं. एकेचाळीस वर्षं मी हे केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, मी शिवतो, वाचत नाही.

तेही खोटं. मी शिवतो ते सगळं वाचतो. ओठ हलवत, सावकाश, पण वाचतो. शाळेची भूक कुठेतरी भागवायची असते.

तुझ्या बाबाचा डावा हात खांद्याच्या वर का जात नाही, ते त्याने तुला सांगितलंय का? भिंतीवरून पडला असं सांगितलं असेल, कारण तेच सांगायचं ठरलं होतं. तो अकरा वर्षांचा असताना परीक्षेत शेजारच्याची वही बघून लिहिताना सापडला. शाळेने मला बोलावून घेतलं. मी त्याला दुकानात आणला, दार लावलं आणि प्रेसची सागवानी फळी उचलली. तिसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला. जाड पुठ्ठा गुडघ्यावर मोडला की येतो तसा. तो ओरडला नाही. टेबलावर त्या दिवशी एक प्रबंध होता, पहिलं पान बदलून वाळत ठेवलेला. मुलाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर माझ्याशी तो कामापुरतंच बोलला. इस्पितळात मी डॉक्टरांना सांगितलं, पडला.

म्हणून तो फोन ठेवून देतो. तू माझ्याकडे राहून शिकायचा हट्ट धरलास तेव्हा त्याने महिनाभर तुझ्याशी भांडण केलं, ते याच्यासाठी. मला वाटायचं तू आलीस म्हणजे सगळं मिटलं.

आता डब्याचं.

तुमच्या खोलीतला तो पत्र्याचा डबा. मुलांनी आपापली चोरी नाव न घालता लिहून त्यात टाकायची. त्या चिठ्ठ्यांचं पुस्तक बांधून पुढच्या वर्षीच्या मुलांना वाचायला द्यायचं ही तुझी कल्पना. गेल्या महिन्यात तू पाकीट आणून माझ्या टेबलावर ठेवलंस. ‘आजोबा, वाचू नका. फक्त शिवा.’ एवढंच म्हणालीस आणि वर्गाला पळालीस.

तू जबाबात लिहिलंस की तू कुणाला काही बोललेली नाहीस, आणि ते खरं आहे. माझी मोजणी तू केलीच नाहीस. आजोबा म्हणजे घरातलं कपाट, त्यात ठेवलं म्हणजे बाहेर गेलं नाही, असं तुला वाटलं.

मी वाचलं. त्रेचाळीस कागद. बहुतेकांत ठरावीक रडगाणं होतं. एकाने तर प्रेमपत्रसुद्धा उतरवून दिलं होतं आणि ती मुलगी मूळ पत्रवाल्याची बहीण निघाली. मी हसत होतो. मग विसावा की एकविसावा कागद आला. तो मला पाठ आहे, पण सगळा लिहीत नाही. त्यात होतं की मला वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसवून दुसऱ्यांचे प्रकल्प लिहून घेतात. नाही म्हटलं तर सायकलची साखळी ओल्या टॉवेलात गुंडाळून मारतात, म्हणजे वळ उठत नाहीत. आणि शेवटी होतं:

‘मी प्रत्येक वेळी पहिल्या पानावर माझंच नाव लिहितो. त्यासाठी वेगळा मार बसतो. तरी लिहितो. ते पान पुढे कुठे जातं, मला ठाऊक नाही.’

मला ठाऊक होतं.

ते पान माझ्याकडे यायचं. मुकादम घेऊन यायचा. दुसऱ्यांकडून काम करून घेतो म्हणून मुलांनीच त्याला ते नाव दिलेलं. रुंद खांद्यांचा, बोलायला गोड, माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारा. वर्षभरात त्याने सात प्रकल्प आणले, सातही वेळा पहिल्या पानावर एकच नाव, एकच बारीक उभट अक्षर. आणि सातही वेळा मी ते पान कापून काढलं. एका पानाच्या कोपऱ्यावर तपकिरी अंगठा उमटला होता. मी चहा समजलो. खरं सांगायचं तर चहा समजायचं ठरवलं.

त्या नावाचा मुलगा मी पाहिला होता. आपल्याच दुकानातून कोरे कागद न्यायचा. जाड भिंगांमुळे ज्याला सगळे सोडावॉटर म्हणतात, तो. कागद उजेडात धरून बघायचा, जसा मी बघतो.

तो कागद वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी, गेल्या बुधवारी दुपारी, मुकादम आठवा प्रकल्प घेऊन आला. मी पान बदलायला नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. आणि नाही म्हटल्यावर गप्प बसायला हवं होतं, पण टीपकागदा, मला शूर व्हायची घाई झाली होती. मी त्याला झापायला लागलो. म्हणालो, ओल्या टॉवेलात साखळी गुंडाळतोस, लाज नाही वाटत. तो शांतपणे टेबलाला टेकला.

‘कोण म्हणालं, आजोबा?’

मी म्हणालो, ‘ज्याचं नाव मी सात वेळा कापलं, त्यानेच डब्यात लिहून टाकलंय. आता सगळं विद्यापीठ वाचेल.’

त्याने माठातलं पाणी घेतलं. प्यायला. पेला विसळून पालथा घातला. म्हणाला, तुमचं बरोबर आहे आजोबा, आम्ही चुकतोय. आणि गेला. मला वाटलं पोरगं सुधारलं. त्या संध्याकाळी मी तुला दोन वेळा म्हणालो की तुमचा वर्ग प्राध्यापक नसताना चालतो तसा माझाही चालतो. तू विचारलंस काय झालं, मी म्हणालो काही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मुकादम आणि त्याचे दोन साथीदार तुमच्या खोलीत शिरले.

तू शुद्धीवर होतीस तोवरचं तुला माहीत आहे. बाकाची फळी तू हातावर झेललीस हे मला शिडीने सांगितलं. आवाज ऐकून मी रस्ता ओलांडून आलो तेव्हा तू खाली पडली होतीस आणि दोघे दाराशी मुलांना अडवून उभे होते. मुकादम सोडावॉटरच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता आणि मुठीने त्याच्या चष्म्यावर मारत होता. चष्मा काढून नव्हे. चष्म्यावरच. प्रत्येक ठोशाबरोबर म्हणत होता, लिही आता, लिही. माझं लक्ष त्याच्या मुठीकडे होतं, कारण ती मुठीच्याच रक्ताने लाल झाली होती की त्या मुलाच्या, हे मला ठरवता येत नव्हतं. शिडीने मागून बादली त्याच्या डोक्यात घातली म्हणून तो उठला. जाताना त्याने डबा लाथेने उडवला. माझ्याजवळून गेला तेव्हा त्याने मला डोळा मारला, टीपकागदा. जणू आम्ही दोघे एका कामात होतो.

मी तुझ्याजवळ बसलो. त्या मुलाकडे गेलो नाही.

आता जे लिहितो ते तुला सांगू नका असं बाबाने सगळ्यांना बजावलंय. सोडावॉटरचा डावा डोळा सोमवारी काढला. भिंगाचे तुकडे आत गेले होते. उजव्याने दिसतं. दोन बरगड्या मोडल्यात, त्या जुळतील म्हणतात.

शुक्रवारी तू इस्पितळाच्या खाटेवरून शिडीचं नाव घेतलंस. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तुझा पाय चेपत होतो. मी तोंड उघडलं आणि परिचारिकेला विचारलं, हिला पातळ भात चालेल का.

शनिवारी दुपारी मुलांनी शिडीला मागच्या फाटकाशी गाठलं. ही मुकादमाची मुलं नव्हती गं. तुमच्या वर्गातली होती, सोडावॉटरसाठी रडलेली. फितूर, फितूर म्हणत होती. आधी चपला आल्या, मग बांधकामाच्या ढिगातले दगड. ती पळत रस्ता ओलांडून माझ्या दुकानाकडे आली. दुसरीकडे कुठे जाणार? दहा वेळा माझ्याकडे जेवलेली मुलगी. मी शटरच्या दांड्याला हात घातलेलाच होता. तिला येताना बघितलं आणि मी शटर खाली ओढलं.

पूर्ण ओढलं. पत्र्यावर दगड वाजत होते आणि मधून तिचा हात वाजत होता. दोन्ही आवाज वेगळे ओळखू येतात.

‘आजोबा, मी आहे,’ ती म्हणाली. तिला वाटलं मी तिला ओळखलं नाही.

तिच्या कपाळाला सहा टाके पडले.

एवढं झाल्यावर तुझा आजोबा सुधारला असेल असं तुला वाटेल. नाही. रविवार आणि सोमवार मी दुकानात बसून विचार करत होतो की तू रागाने लिहिलेला जबाब कदाचित समितीला सापडणार नाही, फाईल कुठेतरी पडेल, शिडी दुसऱ्या गावी शिकायला जाईल. मुलांचं काय, मुलं विसरतात. मुकादम बिनघोर फिरत होता. त्याचं म्हणणं, पुरावा काय? चिठ्ठीवर नाव नाही, सातही प्रकल्पांवर ज्याने दिले त्याचीच नावं, सोडावॉटरला मारलं ते वैयक्तिक भांडण. समितीलाही तेच पटत चाललं होतं.

आणि पुरावा कुठे आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं.

उस्तादांची एक शिस्त होती. पुस्तकातून काढलेला कागद बाहेर टाकायचा नाही, त्याच पुस्तकात जिरवायचा. कापडी पाठीच्या आत मजबुतीला कागदाची पट्टी लागतेच. तर कापलेलं पहिलं पान उभं तिघडी दुमडून, नाव आत ठेवून, पाठीला खळीने चिकटवायचं आणि वरून कापड चढवायचं. उस्ताद म्हणायचे, म्हणजे कचऱ्यात कुणाला सापडत नाही. मी एकेचाळीस वर्षं तसंच केलं. विद्यापीठाच्या कपाटात जितकी पुस्तकं मी बदलली, तितक्यांच्या पाठीत खऱ्या माणसाचं नाव बसलेलं आहे. खळ ओली केली की कागद सुटतो.

काल, मंगळवारी, तुमचा वर्ग भरला. मला वाटलं होतं बंद पडेल. नऊ मुलं होती. फुटक्या खिडकीला त्यांनी माझ्याच दुकानातला पुठ्ठा लावला होता. शिडी कोपऱ्यात एकटी बसली होती, कपाळावर पट्टी, शेजारचं बाक रिकामं. ती आली होती. दगड मारणारेही आले होते. मी दारात उभा राहिलो तर एकाने विचारलं, आजोबा, कुणाला शोधताय?

मी म्हणालो मला शिकवायचं आहे, म्हणून आधी माझं सांगतो.

उभ्याने सांगितलं. बसलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं. पानं, मुकादम, पाण्याचा पेला, शटर. शटरचं सांगताना मी शिडीकडे बघू शकलो नाही. मग दाराजवळच्या बाकावरचा एक मुलगा उठला, ज्याने शनिवारी दगड मारला होता तो. पिशवीतून त्याने काळ्या कापडाचा प्रकल्प काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

‘हा माझा आहे. म्हणजे नाही. उघडा.’

मी सुरीने पाठीचं कापड चिरलं. ओलं फडकं ठेवलं. सगळे भोवती वाकले. पट्टी सुटली, मी ती उलगडली, आणि ते बारीक उभट नाव बाहेर आलं. खाली तो तपकिरी अंगठा. चहा नव्हता. कुणालाही ते सांगावं लागलं नाही. तो मुलगा खिडकीशी जाऊन ओकला.

शिडी माझ्याजवळ आली. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘हे सगळं टीपकागदला लिहा. मी सांगितलं तर ती म्हणेल मी स्वतःला वाचवतेय.’

आता बोटांचं. वर मी वेंधळेपणा लिहिलं, ते खोडत नाही, तसंच राहू दे. तुला दिसू दे मी कसा लिहितो.

काल पाच वाजता मुकादम एकटा आला. त्याला कळलं होतं. त्याने शटर अर्धं खाली घेतलं आणि माझा उजवा हात धरून कटिंग मशीनच्या पात्याखाली दाबला, कागदाचं रिम दाबतात तसा. म्हणाला, ‘आजोबा, तुम्हाला पान बदलता येतं. मग जबाब बदलायला काय हरकत आहे?’ मी म्हणालो, आता वय झालं, सफाई राहिली नाही. खरंच एवढंच म्हणालो. धीट होतो म्हणून नव्हे, तोंडात दुसरं काही आलंच नाही. त्याने दांडा ओढला. माझं ते पातं मी दर रविवारी घासतो, टीपकागदा, त्यामुळे आवाजच आला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कागदाच्या कातरणात पडलं. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, आठ अजून आहेत, आणि शटर वर करून गेला.

मला इस्पितळात कुणी नेलं ओळख. शटर वर गेलेलं बघून ती आत आली. दोन्ही बोटं तिने ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली, जुळतील म्हणून. जुळली नाहीत.

आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मशीनमध्ये हात गेला. त्याच इस्पितळात, त्याच चेहऱ्याने, पस्तीस वर्षांपूर्वी म्हणालो होतो, भिंतीवरून पडला. शिडी बाजूला उभी होती. तिने फक्त मान वळवली. रात्री ती मान माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं, पोलिसांनी लिहून घेतलं. मग त्याच मजल्यावर सोडावॉटरच्या खाटेपाशी गेलो. तोंडावर पट्ट्या, एक डोळा उघडा. मी त्याला सांगितलं की मी कोण, आणि पानं कुठे गेली. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता.

‘सगळी आहेत?’ त्याने विचारलं.

मी म्हणालो, सातही. त्याने डोळा मिटला. मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्याने पानांची चौकशी केली, माझी नाही.

उद्या अकराला मी सुरी आणि ओलं फडकं घेऊन समितीपुढे जाणार. बाकीचे सहा प्रकल्प त्यांच्याच कपाटात आहेत, त्यांच्याच कुलपात. त्यांच्यासमोर पाठी उघडीन. मग ते विचारतील, आजोबा, अशी अजून किती? मी त्यांना त्यांच्या ग्रंथालयात घेऊन जाईन. त्यात मोठी मोठी माणसं निघतील, एक-दोन तर समितीतच बसलेली असतील. त्यानंतर या दुकानात कुणी काही शिवायला आणणार नाही. मुकादम सुटला तर बाकीची आठही जातील. मला फार भीती वाटते, टीपकागदा. सकाळपासून तीनदा गॅस बघून आलो.

तुझ्या त्रेचाळीस चिठ्ठ्या मी आज शिवल्या. आठ बोटांनी जुजबंदीची शिवण वाकडी आली, उस्तादांनी टोच्या खुपसला असता. या पत्राची इथवरची नक्कल मी त्या पुस्तकाचं पहिलं पान म्हणून बांधली आहे. बाकी कुणाचं नाव त्यात नाही. माझं आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते पान आता कुणी बदलू शकणार नाही. टाका पानातूनच घेतलाय.

बाबाला हे पत्र वाचायला दे. त्याच्या मोडलेल्या हाताचं लिहिलंय ते आधी वाचायला सांग.

आणि पत्र कुणाच्या हातून येईल ते. तिने विचारलं होतं, आत काय लिहिलंय. मी म्हणालो, तुझ्यासमोर सांगितलं तेच. तिला मी सांगितलंय की पाकीट दाराखालून सरकव, बेल वाजवू नकोस, आणि जिन्यावर बसून राहा. सहा टाके घालून साडेचार तासांचा प्रवास करून आलेली आहे. माझ्यासारखा माणूस एकदा आतून ऐकत राहिला आणि त्याने उघडलं नाही.

वाचून झालं असेल तर ऊठ आणि दार उघड.

आठ बोटांचा,
तुझा आजोबा